थांबण्याचं अंतर

दोन नंबरच्या फोर्कलिफ्टखाली तेलाचा एकही थेंब नव्हता. सुगंधा वाघचौरेने फरशीला गाल टेकवून, टॉर्च मारून पुन्हा एकदा खात्री केली आणि ती उठली. माल उचलणाऱ्या फोर्कच्या वळणावर, जिथे पोलाद काटकोनात वाकतं आणि तडा जायचा झाला तर आधी तिथेच जातो, तिने अंगठा फिरवला. साखळ्यांची लांबी मोजपट्टीने तपासली. बॅटरीच्या जोडण्या हलवून पाहिल्या, सीटचा पट्टा ओढून पाहिला, हॉर्न वाजवला. तो आवाज मालघराच्या साठ मीटर दूरच्या भिंतीवर आपटून परत आला.

घड्याळात सकाळचे सहा वाजले होते. घड्याळ भारतातलं होतं. भिंतीपलीकडे चंद्राचा दक्षिण ध्रुव होता.

ध्रुवतळावर एकोणीस माणसं राहत होती. त्यांचं अन्न, प्राणवायूच्या टाक्या, पाण्याचे पिंप, यंत्रांचे सुटे भाग, सगळं या मालघरातून जायचं. ते हलवायला चार विजेच्या फोर्कलिफ्ट होत्या. मालयान उतरलं की त्या वायुद्वारातून बाहेर जायच्या आणि पेट्या उचलून आत आणायच्या. अठरा जण शास्त्रज्ञ किंवा अभियंते होते. एकोणिसावी सुगंधा. वाळूजच्या एका कारखान्यात बावीस वर्षं फोर्कलिफ्टची देखभाल करून ती इथे आली होती, आणि आल्यापासून चारशे बारा दिवसांत तिने रोजची तपासणी एकदाही चुकवली नव्हती.

तपासणीच्या छापील तक्त्यात ब्रेकसमोर दोनच रकाने होते : ठीक आणि बिघाड. सुगंधाला ते पुरेसं वाटायचं नाही. वाळूजला तिच्यासोबत काम करणाऱ्या काशिनाथ साबळेचं पाऊल चाकाखाली गेलं, त्या आधीचे तीस दिवस त्या गाडीच्या तक्त्यावर ‘ठीक’ लिहिलेलं होतं. ब्रेक एका दिवसात गेला नव्हता, रोज थोडा थोडा जात होता, आणि ‘ठीक’ या शब्दात ते ‘थोडा थोडा’ मावत नव्हतं. तेव्हापासून ती टेप घेऊन फिरायची. ताशी सहा किलोमीटर वेगाने गाडी न्यायची, फरशीवरच्या पिवळ्या रेषेवर ब्रेक दाबायचा, आणि रेषेपासून पुढच्या चाकापर्यंतचं अंतर मोजायचं. एकदा जाताना, एकदा येताना. दोन्ही आकडे वहीत.

त्या सकाळी वायुद्वाराच्या दिशेने आकडा आला एकशे सत्तर सेंटिमीटर. उलट, चार्जिंगच्या कोपऱ्याकडे जाताना, एकशे चौऱ्याहत्तर.

“परत तेच,” ती स्वतःशी म्हणाली.

पहिले शंभर दिवस दोन्ही आकडे सारखेच यायचे. मग त्यांत फरक पडायला लागला. आधी एक सेंटिमीटर, मग दोन. तिने ब्रेकचे पॅड बदलले, तेल बदललं, टायर बदलले. फरक हटला नाही. गेल्या आठवड्यात तिने चारही गाड्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले, तर चारही गाड्या चार्जिंगकडे जाताना चार सेंटिमीटर जास्त घेत होत्या.

चार गाड्यांचे ब्रेक इतके एकसारखे कसे बिघडतील? त्या सकाळी तिने आणखी एक गोष्ट केली. गाडी उलटी फिरवली आणि रिव्हर्समध्ये चार्जिंगच्या कोपऱ्याकडे नेली. दोष गाडीचा असता, तर आता जास्तीचं अंतर दुसऱ्या दिशेला दिसलं असतं.

टेप म्हणाली, एकशे चौऱ्याहत्तर.

सुगंधाने टेप गुंडाळली. दोष गाडीत नव्हता. दोष जागेत होता.

*

डॉ. नसीमा काझी आपल्या प्रयोगशाळेत मातीचे नमुने खोक्यात भरत होती. ती तळाची भूगर्भतज्ज्ञ होती आणि गेले तीन दिवस कुणाशी फारसं बोलली नव्हती. पाणी शोधण्यासाठी तिने अकरा विवरं खणली होती. ती सगळी तीन किलोमीटर दूरच्या खोल दरीत, जिथे सूर्य कधीच पोचत नाही. प्रत्येक विवरात मातीच्या कणांमध्ये बर्फ सापडलं, पण चिमूटभर. एक पेला पाणी काढायला टनभर माती तापवावी लागली असती. शेवटी पृथ्वीवरच्या मंडळाने निर्णय कळवला : पाणी पृथ्वीवरून पाठवत राहणं शक्य नाही, ध्रुवतळ बंद करायचा. सगळ्यांना न्यायला यान आता नऊ दिवसांनी येणार होतं.

“डॉक्टर, दोन मिनिटं आहेत का?” सुगंधाने वही तिच्यासमोर उघडली. “मालघराची फरशी कलली आहे असं मला वाटतंय.”

नसीमाने आकडे पाहिले. “ताई, चार सेंटिमीटरवरून?”

“तुम्हीच सांगा, होईल का नाही.”

नसीमाने खोकं बाजूला सारलं आणि कागद ओढला. “असं बघा. गाडीला थांबवतं कोण? चाक आणि फरशी यांच्यातलं घर्षण. घर्षण किती, तर गाडीचं वजन जमिनीवर जेवढं दाबेल त्या मानाने. इथे वजन सहावा हिस्सा. पण गाडीचं वस्तुमान तेवढंच, म्हणजे तिचा पुढे जाण्याचा हट्ट तेवढाच.”

“म्हणून इथे थांबायला सहापट जागा लागते. ते मला पहिल्या दिवशीच कळलं, भिंतीने सांगितलं.”

नसीमा तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. “हां. आता फरशीला उतार असेल, तर उतरताना अंतर वाढणार, चढताना कमी होणार. वाळूजला तुम्ही हीच चाचणी घेतली असती, तर गाडी अठ्ठावीस सेंटिमीटरमध्ये थांबली असती आणि एवढ्याशा उताराने फरक पडला असता...” तिने आकडेमोड केली. “सात मिलिमीटर.”

“सात मिलिमीटर मी कधी धरलेच नसते. तेवढं इकडेतिकडे होतंच.”

“पण इथे तोच फरक सहापट. चार सेंटिमीटर.” नसीमाचा हात कागदावर थांबला. “म्हणजे मीटरमागे सहा मिलिमीटर उतार. तुमचा चाचणीचा पट्टा किती लांब आहे?”

“शेवटचे वीस मीटर. चार्जिंगच्या कोपऱ्यापर्यंत.”

“म्हणजे कोपरा बारा सेंटिमीटर खाली गेलाय?” नसीमाने मान हलवली. “शक्य नाही ताई. तळावर समतलमापक आहेत. केसाएवढी जमीन हलली तरी ते ओरडतात.” तिने पडद्यावर त्यांची नोंद काढली. सगळीकडे शून्य.

“ते बसवलेत कुठे?” सुगंधाने विचारलं.

“खांबांवर.”

“आणि खांब?”

“खोल, चार मीटर खाली. खडकात रोवलेले.”

“आणि फरशी?”

नसीमाने मालघराचा आराखडा उघडला. मालघराची फरशी म्हणजे चंद्राची माती भाजून केलेले जाड तक्ते. त्यांच्याखाली हवा आत कोंडून ठेवणारा रबरासारखा जाड पडदा, आणि पडद्याखाली थेट माती. फरशीचा खांबांशी काही संबंधच नव्हता. आणि फरशीवर एकही मापक नव्हता.

“चला,” ती म्हणाली. “राऊळसाहेबांना उठवू.”

*

तळप्रमुख कर्नल दिगंबर राऊळ जागेच होते. मालवणकडचा हा सडसडीत माणूस नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचा नाही. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“डोळ्यांनी बघता येईल असं काही आहे?”

“कोपऱ्यात बॅटऱ्यांची कपाटं भिंतीला लागून आहेत,” सुगंधा म्हणाली. “त्यांच्यामागे फरशी आणि भिंत जिथे मिळतात ती कड आहे. एक कपाट उचलून बाजूला केलं की दिसेल.”

“कपाट केवढं?”

“एक टन. दोन नंबर आरामात उचलेल. आत्ताच तपासली आहे.”

“ठीक. पण तिघांनी दाबपोशाख घालायचे, शिरस्त्राणासकट. तिथे कलंडलं काही आणि पडदा फाटला, तर हवा काही सेकंदांत जाईल. आणि राहत्या खोल्यांकडचं दार बंद.”

नसीमाला हे जरा अतीच वाटलं, पण तिने पोशाख चढवला.

सुगंधाने दोन नंबर कपाटासमोर नेली, फोर्क खाली सरकवले, फोर्क चढवणारा उभा मास्ट मागे झुकवला आणि कपाट हातभर उचललं. सगळं तिच्या बोटांना पाठ होतं. तिने रिव्हर्स टाकला आणि हळूहळू मागे निघाली. कपाटामागची भिंत उघडी होऊ लागली. राऊळ आणि नसीमा बाजूला उभे राहून बघत होते.

आणि पुढच्या चाकांखालचा तक्ता खाली बसला.

फारसा नाही, वीतभर. पण तीन टनांची गाडी आणि टनभर कपाट पुढे झुकलं आणि भिंतीच्या दिशेने घसरू लागलं. सुगंधाने ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. अडकलेली चाकं घेऊन ती फरशीवरून सरकत राहिली, न घाई करता, न थांबता. पुढे दीड मीटरवर भिंत होती, आणि भिंतीच्या आत बाहेरची पोकळी अडवणारा तोच पडदा.

“ताई, उडी मारा!” नसीमा ओरडली.

सुगंधाने उडी मारली नाही. तिने तरफ पुढे ढकलली आणि फोर्क खाली सोडले. कपाटाचे पोलादी पाय फरशीवर आदळले, खरडत गेले, आणि दोन तक्त्यांच्या फटीत जाऊन रुतले. गाडीची मागची चाकं उचलली गेली, क्षणभर हवेत राहिली आणि चंद्रावरच्या त्या आळसावलेल्या गतीने परत खाली आली.

शिरस्त्राणात फक्त तिघांचे श्वास ऐकू येत होते.

“किती राहिलं?” सुगंधाने विचारलं.

राऊळांनी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये पाहिलं. “हातभर.”

सुगंधा गाडीवरून उतरली. मग तिघंही भिंतीशी वाकले. भिंतीवर फरशीची मूळ पातळी दाखवणारी पांढरी रेघ होती. फरशी त्या रेघेच्या बारा सेंटिमीटर खाली होती, आणि बसलेला तक्ता तर त्याहूनही खाली. फटीतून टॉर्च मारल्यावर खालचा पडदा दिसला. खचलेल्या मातीबरोबर तोही खाली ओढला गेला होता, ढोलाच्या चामड्यासारखा ताठ झाला होता. तक्ते एकमेकांना धरून आजवर अधांतरी उभे होते.

“अजून महिनाभर आपण यावरून गाड्या फिरवल्या असत्या तर?” राऊळांनी विचारलं.

“महिनाभर नाही,” नसीमा म्हणाली.

राऊळांनी तिथल्या तिथे हुकूम दिले. चार्जिंग बंद. मालघरातली हवा हळूहळू काढून घ्यायची, म्हणजे पडद्यावरचा ताण जाईल. पोशाखाशिवाय आत कुणी यायचं नाही.

मग त्यांनी सुगंधाकडे वळून पाहिलं. “वाघचौरेबाई, तुमची ती वही मला द्या. नाही, द्या म्हणजे दाखवा. ती तुमच्याजवळच राहू दे.”

*

तासाभराने ते तिघे नियंत्रणकक्षात बसले. राऊळांना पृथ्वीला अहवाल पाठवायचा होता आणि त्यात कारण लिहायचं होतं.

“गाड्यांच्या वजनाने माती दबली असेल,” ते म्हणाले.

“मग ती वायुद्वाराशी दबली असती,” सुगंधा म्हणाली. “सगळी वर्दळ तिकडे. कोपऱ्यात गाड्या नुसत्या चार्जिंगला उभ्या राहतात.”

“कोपऱ्यात असं काय आहे, जे इतरत्र नाही?”

“उष्णता,” सुगंधा लगेच म्हणाली. “चार्जर तापतात. इथे बाहेर हवा नाही, तर ती उष्णता न्यायची कुठे, म्हणून नळ्या घालून खाली जमिनीत मुरवली आहे. आणि हे बघा.” तिने वहीची पानं उलटली. “मालयान आलं की चारही गाड्या रात्रंदिवस पळतात, दुप्पट चार्ज होतात. प्रत्येक वेळी त्यानंतर आठवड्याभरात फरक वाढलाय. मधल्या दिवसांत जवळजवळ स्थिर.”

राऊळ नसीमाकडे वळले. “उष्णतेने माती खचते?”

“कोरडी माती नाही खचत, साहेब. बर्फ असेल तर त्याची वाफ होऊन जाते. इथे हवेचा दाबच नाही, त्यामुळे बर्फाचं आधी पाणी होत नाही, थेट वाफ होते आणि मातीतून निसटून आकाशात जाते. पण त्यानेही जमीन खचणार नाही. आमच्या अकरा विवरांत बर्फ होतं ते मातीच्या कणांमधल्या फटींत. समजा, डब्यात शेंगदाणे गच्च भरले आणि मधल्या फटींत गुळाचा पाक ओतला. उद्या पाक निघून गेला, तरी शेंगदाणे तिथेच राहतील. ते एकमेकांवर टेकलेले आहेत. खाली बसायला हवे असतील तर डब्यात शेंगदाणे कमी आणि गूळच जास्त पाहिजे, शेंगदाणे गुळात तरंगत...”

ती थांबली.

“डॉक्टर?” सुगंधा म्हणाली.

नसीमा उठून उभी राहिली. तिची खुर्ची मागे पडली, सावकाश, आणि तिने ती उचललीही नाही.

“जमीन खचली आहे,” ती एकेक शब्द वेगळा काढत म्हणाली. “खचली आहे! म्हणजे खाली नुसता गूळ आहे. साहेब, खाली मातीत मिसळलेलं बर्फ असतं, तर ही फरशी कधीच हलली नसती. ती बारा सेंटिमीटर खाली आली, म्हणजे बारा सेंटिमीटर सलग बर्फ निघून गेलं. खाली बर्फाचा थर आहे. आपण त्यावर बसलो आहोत!”

“खाली खडक आहे,” राऊळ म्हणाले. “तळाची जागा निवडली तीच खडक बघून. तरंगचाचणी झाली होती. घण मारला, तर जमीन दगडासारखी घणघणली.”

“किती तापमानाला?”

“उणे एकशे साठ.”

“त्या तापमानाला बर्फ दगडासारखंच घणघणतं, साहेब! त्या चाचणीला दोन्ही सारखेच. आणि पाया टणक राहावा म्हणून आपण नियम केला, की तळाच्या पाचशे मीटरच्या आत विवर खणायचं नाही. मी वर्षभर तीन किलोमीटर दूर जाऊन चिमूटचिमूट बर्फ शोधत होते.”

तिने कागद ओढला. खचलेला भाग एवढा लांब, एवढा रुंद, सरासरी एवढा खोल. मग दुसऱ्या बाजूने : दिवसाला आठ चार्ज, प्रत्येकी एवढी वाया जाणारी उष्णता, चारशे बारा दिवस. तेवढ्या उष्णतेने जास्तीत जास्त पंचवीस टन बर्फाची वाफ झाली असती. खड्ड्याच्या मापावरून निघत होतं दहा टन. उरलेली उष्णता आजूबाजूची जमीन तापवण्यात गेली असं धरलं, तर दोन्ही हिशोब एकमेकांत बसत होते.

“दहा टन,” सुगंधा हळूच म्हणाली. त्या दिवशी सकाळी तिने तोंड धुवायला मोजून अर्धा पेला पाणी घेतलं होतं. “दहा टन पाणी आपण आकाशात सोडलं?”

राऊळांनी कागदावरचे दोन्ही हिशोब बोट फिरवून पडताळले. मग त्यांनी मान वर केली.

“पाचशे मीटरचा नियम खाली खडक आहे म्हणून होता,” ते म्हणाले. “खडकच नसेल, तर नियम कसला? डॉक्टर, यंत्र भिंतीबाहेर लावा. आत्ता.”

*

खोदयंत्र दोन नंबरच्याच फोर्कवर बसून वायुद्वारातून बाहेर गेलं. भिंतीपासून दहा मीटरवर ते उभं केलं. पहिले तीन मीटर राखाडी माती निघाली. साडेतीन मीटरवर यंत्राचा सूर बदलला. नसीमाने हातानेच खूण करून ते थांबवायला लावलं आणि नळी वर ओढून घेतली.

नळीतून बाहेर आला तो दांडा मातीचा नव्हता. दिव्याच्या उजेडात तो मळकट निळसर दिसत होता, मनगटाएवढा जाड आणि हातभर लांब. त्यात मातीचे कण इकडेतिकडे अडकले होते, चिक्कीत दाणे अडकावेत तसे. पण कमी, फारच कमी.

शिरस्त्राणात एकाच वेळी एकोणीस जण ओरडले. कुणाचं काय चाललंय ते कळेना. नसीमा त्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून गुडघ्यावर बसली होती आणि रडत हसत होती. आत नेऊन तुकडा वितळवला, तर त्याला सडक्या अंड्यासारखा वास आला. गाळून शुद्ध केल्याशिवाय पिता येणार नव्हतं. तरीही सगळ्यांनी रांग लावून तो वास घेतला.

नसीमाने आणखी खाली खणलं. अकरा मीटर खोल गेल्यावरही थर संपला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मंडळाचं उत्तर आलं. राऊळांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. शोध मोठा होता, अभिनंदन होतं. पण दगडासारखं कडक बर्फ खणायला, फोडायला आणि तापवायला खाणयंत्रं लागणार होती. दोनशे टनांची यंत्रं पाठवायला सहा वर्षं. तोवर ध्रुवतळ बंदच ठेवावा लागणार होता. यान ठरल्याप्रमाणे सहा दिवसांनी येईल.

नसीमाने डोळे मिटून घेतले.

“साहेब, मला एक कळलं नाही,” सुगंधा मागून म्हणाली. “खणायचं कशाला?”

“म्हणजे?”

“आपण वर्षभर काढत होतोच की ते बर्फ. दहा टन काढलं. एक फावडं तरी मारलं का कुणी? चार्जर तापले, वाफ झाली, निघून गेली. आपण फक्त धरली नाही.” ती जरा थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते आणि तिला त्याची सवय नव्हती. “पडदा आहेच वरून. वाफ त्याच्या कडांखालून निसटत होती, त्या कडा मातीत गाडून बंद करायच्या. एका बाजूने नळी काढून सावलीत एखादी थंड पेटी ठेवायची. वाफ तिथे जाऊन परत बर्फ होईल. फ्रिजमध्ये गोठतं तसं. होईल ना, डॉक्टर?”

नसीमाने डोळे उघडले होते. तिचे ओठ हलत होते, ती मनात भागाकार करत होती.

“एका चार्जमागे तीन लिटर,” ती म्हणाली. “दिवसाला आठ चार्ज. चोवीस लिटर. माणशी सव्वा लिटर पिण्याचं पाणी, एकही यंत्र न मागवता. आणि वापरलेलं आपण गाळून परत वापरतोच.” ती राऊळांकडे वळली. “पण साहेब, मग आपल्याला इथे राहता येणार नाही. ज्याच्यावर आपण उभे आहोत, तेच आपण पिणार. जमीन खचतच जाणार. माणसं, मालघर, खोल्या, सगळं इथून हलवावं लागेल. खऱ्या खडकावर. चार्जर तेवढे इथेच ठेवायचे.”

“ज्याने आपण बुडालो असतो, ते ठेवायचं आणि आपण जायचं,” राऊळ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आज पहिल्यांदा नियमाबाहेरचं काहीतरी दिसत होतं. “मंडळाला पुरावा लागेल. नुसतं गणित चालणार नाही. सहा दिवसांत पाणी दाखवता येईल?”

“दोन दिवसांत,” सुगंधा आणि नसीमा एकदमच म्हणाल्या.

दोन दिवस एकोणीस माणसांनी फावड्यांनी माती ओढली. खोदयंत्र बाहेर नेण्यात दोन नंबरची बॅटरी संपत आली होती. कडा बंद झाल्या, पेटी सावलीत बसली, तेव्हा सुगंधाने ती गाडी कोपऱ्याच्या कडेला, पक्क्या जमिनीवर उभी केली, लांब केबल ओढून चार्जरला जोडली आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

दहा तासांनी नसीमाने पेटीचं झाकण उघडलं. आतल्या भिंतींवर शुभ्र तुषार दाट बसला होता. मातीचा कण नाही, मळकट रंग नाही. वाफ होताना सगळी घाण खालीच राहिली होती, वास घालवण्यापुरतं गाळलं की झालं. तिने पेटी काट्यावर ठेवली.

“तीन किलो शंभर ग्रॅम!”

राऊळांनी काट्यावरचा आकडा दोनदा वाचला. मग ते इतक्या मोठ्याने बोलले की सगळ्यांच्या कानात शिरस्त्राणं खरखरली.

“बाई, उरलेल्या तिन्ही गाड्याही लावा चार्जिंगला! आत्ताच्या आत्ता!”

“नाही लावता येणार, साहेब.”

“का? काय बिघडलं?”

“काही नाही बिघडलं. त्यांच्या बॅटऱ्या भरलेल्या आहेत. पाच दिवस उभ्याच आहेत त्या.” सुगंधा हसू आवरू शकत नव्हती. “पाणी पाहिजे असेल, तर आधी गाड्या पळवाव्या लागतील. भरपूर. सामान भरभरून.”

राऊळांनी मालघराकडे पाहिलं. तीनशे चाळीस टन सामान, मांडणीवर छतापर्यंत लावलेलं, आणि ते सगळं इथून हलवायचं होतं.

“मग बघताय काय?” ते म्हणाले आणि स्वतःच तीन नंबरच्या सीटवर चढायला धावले. “घर हलवायचं आहे!”

“थांबा, थांबा साहेब,” सुगंधाने त्यांना दंडाला धरून खाली ओढलं. “आधी तपासणी.”